दुसरी फेरी

आमचे साहेब आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि ते माझ्याशी. मी ते खरं मानलं. दोघांतला मोठा गुन्हेगार कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ते जालन्याच्या एका बियाणे कंपनीत होते. काम एकच, बीजोत्पादनाचे प्लॉट तपासायचे. शेतकरी कंपनीसाठी कापसाचं संकरित बी पिकवतो. ते शुद्ध निघायचं तर प्लॉटात परक्या वाणाचं एकही झाड फुलावर येऊन चालत नाही. अशा झाडाला आमच्याकडे सरळ भेसळ म्हणतात. ती हुडकायची, उपटायची आणि काही दिवसांनी परत जाऊन बघायचं, कारण पहिल्या वेळी न दिसलेलं झाड नंतर डोकं वर काढतं. या जाण्याला फेरी म्हणायचं. एका प्लॉटाला हंगामात तीन फेऱ्या. मी शेतकीची पदविका घेऊन तीर्थपुरीहून आलो आणि साहेबांच्या हाताखाली लागलो, तेव्हा ऑफिसातल्या जुन्या लोकांनी माझ्याकडे बळीच्या बकऱ्याकडे बघावं तसं बघितलं होतं.

त्याचं कारण पहिल्याच दिवशी कळलं. भोकरदनच्या बाजूला एका शेतात गेलो, तर शेतकऱ्यानं झाडाखाली बाज टाकलेली, चुलीवर चहा ठेवलेला. साहेबांनी पँट दुमडली आणि म्हणाले, "चहा फेरीनंतर." फेरीला अडीच तास लागले. तोवर चहाचा काढा झाला होता. तो त्यांनी चवीनं घेतला आणि वर आणखी अर्धा कप मागितला.

बांधाकडून त्यांनी कधी सुरुवात केली नाही. वळसा घालून आधी प्लॉटाच्या लांबच्या टोकाला जायचं आणि तिथून एकेक ओळ बघत परत यायचं. "पुढच्या वळी शेतकरी आपल्यासाठी साफ करून ठिवतो," म्हणायचे. "मागच्या कोपऱ्यात कोण जाऊन राह्यलं? मंग भेसळ बी तिथंच ऱ्हाती." सापडलेलं झाड मोडू द्यायचे नाहीत, कापू द्यायचे नाहीत. मुळासकट उपटून बांधावर आडवं टाकायचं, मुळं उन्हाकडे.

ही खोड शेतापुरती राहिली असती तरी भागलं असतं. नवीन जालन्यात एका बँकेसमोर छोटी बाग होती. झेंडूच्या रांगेत एक झाड उंच, पानं वेगळी. साहेब आत जाताना त्याच्याकडे बघून गेले आणि बाहेर येताना उपटून घेऊन आले. वॉचमन ओरडत धावला, तर ते झाड त्याच्याच हातात देऊन म्हणाले, "भेसळ व्हती." ते मॅनेजरनं घरून कुंडीतून आणून लावलेलं डेलियाचं झाड होतं. साहेबांच्या वतीनं माफी मागायला मला आत जावं लागलं. ते गाडीत बसून राहिले. आपली चूक झाली असं त्यांना शेवटपर्यंत वाटलं नाही.

खिशात एक वही असायची, तिला रबर लावलेलं. प्लॉटात जे दिसलं ते प्लॉटातच उभ्यानं लिहायचं, शाईनं. ऑफिसात बसून त्यांनी एक ओळ लिहिल्याचं मी पाहिलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बसून लिव्हलं की माणूस मनातलं लिव्हतो. उभं राहून लिव्हलं की समोरचं." आम्ही पोरं यावर मागं खूप हसायचो. साहेबांच्या लग्नाची नोंदसुद्धा त्यांनी मांडवात उभ्यानंच केली असणार, असं मी म्हणालो होतो आणि तो विनोद कंपनीत बरीच वर्षं चालला.

दुसऱ्याच हंगामात मी शेण खाल्लं. हसनाबादजवळचा एक प्लॉट माझ्याकडे होता. नवरा-बायको दोघंच राबणारे. पहिल्या फेरीत मला चार झाडं सापडली. जमीन कडक होती, साहेब बरोबर नव्हते, मी ती विळ्यानं कापून टाकली. दुसरी फेरी नेमकी पोळ्याच्या दिवशी आली. घरी बैलजोडी, वडिलांचा फोनवर फोन. मी तीर्थपुरीला गेलो, पुरणपोळी खाल्ली आणि ओसरीवर बसून फॉर्म भरला: फेरी दोन झाली, भेसळ नाही.

चार दिवसांनी साहेब म्हणाले, "चल, हसनाबाद." विचारलं काहीच नाही. मागच्या कोपऱ्यातून आम्ही आत शिरलो. मी कापलेल्या चारही झाडांना बुडातून फुटवा आला होता आणि ती फुलली होती. नवी सात वेगळीच. कापसाच्या प्लॉटात बायका सकाळी नराच्या ओळीतली फुलं तोडतात आणि मादीच्या फुलांवर फिरवतात. याला क्रॉसिंग म्हणतात. या अकरा झाडांची फुलं त्यांत मिसळून चार दिवस झाले होते. साहेबांनी वही काढली, उभ्यानं लिहिलं: नापास. मग मला म्हणाले, "बाईला तू सांग."

ती बाई फुलांची टोपली कडेवर धरून उभी होती. मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती टोपलीत बघून म्हणाली, "तुमी आले असते तं उपटली असती आमी. अकराच तं झाडं व्हती."

परत येताना मी नोकरी गेली असं धरून चाललो होतो. राजूर मागं पडलं तेव्हा ते समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "फेरी न करनं ही चूक. न करता झाली म्हननं हे पाप. फेरी ऱ्हायली म्हनलं की कुनीतरी जाऊन बघतं. झाली म्हनलं की कुनीच जात न्हाई." त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी मात्र त्या दिवसापासून एकही ओळ बसून लिहिलेली नाही.

दहाएक वर्षांपूर्वी त्यांना शौचाला रक्त पडायला लागलं. हे मला काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, फोन करून सांगितलं. साहेबांनी स्वतःच मूळव्याध ठरवून टाकली होती आणि वर्षभर ताक आणि सुरण चालू होतं. दवाखान्याचं नाव काढलं की घरात भांडण. मी गेलो आणि एकच विचारलं, "साहेब, न बघताच मूळव्याध कसं लिहिलं?" "गाडी काढ," म्हणाले.

औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, एका दवाखान्यात दुर्बिणीनं आतडं बघायचं ठरलं. आदल्या दिवशी पोट साफ व्हायला पावडर घातलेलं पाणी तांब्यांनी प्यावं लागतं. लोक अर्धं प्यायलं की बास करतात. साहेबांनी शेवटचा थेंब संपवला, कारण पोट साफ नसेल तर कोपऱ्यातलं दिसत नाही, असं त्यांना सांगितलं होतं. कोपरा म्हटल्यावर त्यांना पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती.

आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला गेलो. डॉक्टरीणबाई त्यांची मुलगी शोभेल अशा वयाच्या. त्यांनी फोटो दाखवले. "आतड्याच्या आतल्या अस्तरावर असे कोंब येतात. पॉलिप म्हणतो आम्ही. तुमचे तीन होते, तिन्ही काढले. कॅन्सर नाहीये. पण असे काही कोंब वर्षानुवर्षं तसेच राहिले तर त्यांचा कॅन्सर होतो."

"म्हंजी भेसळ," साहेब म्हणाले. "मुळासकट काढले?"

"हो. बुडापासून."

"आन सुरुवात कुठून केली तुमी?"

बाईंना प्रश्नाची गंमत वाटली असावी. "दुर्बीण आधी पार टोकापर्यंत नेतो. मग परत येताना एकेक घडी नीट बघत यायचं."

साहेबांनी माझ्याकडे वळून बघितलं. इतकी वर्षं त्यांनी मला जे शिकवलं ते आता सरकारी शिक्का मारून मिळालं होतं. "बराबर," ते म्हणाले. "मंग झालं का आता?"

"नाही काका. ज्याला एकदा असे कोंब येतात, त्याला नवे यायची शक्यता जास्त असते. तीन वर्षांनी परत बघायचं. त्रास नसला तरी यायचं. त्रास सुरू होण्याआधीच तर आपल्याला ते काढायचेत."

"दुसरी फेरी."

"हो, दुसरी फेरीच."

दवाखान्याच्या जिन्यात त्यांनी मला थांबवलं आणि वही काढून उभ्यानं लिहिलं: स्वतःचा प्लॉट. फेरी एक. तीन कोंब, मुळासकट काढले. त्याखाली फेरी दोन, आणि पुढं जागा. वही मिटून म्हणाले, "ही बाई आपल्या कंपनीत पायजे व्हती." मी फोनमध्ये तीन वर्षांनंतरची तारीख टाकून ठेवली.

ती तारीख श्रावणात उगवली. प्लॉट फुलावर आलेले. मी आठवण केली, तर ते माझ्यावरच उखडले. "क्रॉसिंग चालू हाय. बायांच्या हातात फुलं हायत, आन मी टेबलावर झोपू? मला काय त्रास हाय? दिवाळीनंतर बघू." आमच्या धंद्यात हे कुणालाही पटतं. फुलोरा कुणासाठी थांबत नाही. त्या दिवसांत आम्ही मयतीलासुद्धा घाईघाईत जाऊन येतो. मला पटलं. बाईंचं वाक्य मला आठवत होतं, तरी पटलं.

दिवाळी झाली. एकदा हसनाबादच्याच रस्त्याला मी गाडी चालवता चालवता विचारलं, "साहेब, ती तपासणी?"

"झाली," ते म्हणाले. "मागल्या बुधवारी गेल्तो काकूला घेऊन. क्लीन हाय बिलकुल."

मला इतका आनंद झाला की मी गाडी थांबवून त्यांना उसाचा रस पाजला. फोनमधली आठवण पुसून टाकली. रिपोर्ट मागितला नाही. काकूंना विचारता आलं असतं, तेही नाही. ज्या माणसानं आयुष्यात न बघता एक ओळ लिहिली नाही, त्याला रिपोर्ट दाखवा म्हणायचं कसं? ते त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते, हे मला आज आठवतं. आणि बसले होते, हेही.

पुढं दोन वर्षं गेली. जाफराबादकडच्या एका प्लॉटात अर्धी फेरी झाली असताना साहेब बांधावर येऊन बसले आणि शेतकऱ्याला म्हणाले, "चहा असंल तं द्या." मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. सदरा अंगावर लोंबत होता. पट्ट्याला घरी खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं होती.

दुसऱ्याच दिवशी काकूंना बरोबर घेऊन मी त्यांना संभाजीनगरला नेलं. डॉक्टरीणबाई त्याच होत्या. त्यांनी कागद चाळले. "मधली तपासणी कुठे केली? इथे तर नोंद नाही."

"इथंच की," मी म्हणालो. "दिवाळीनंतर, बुधवारी. साहेब, तुम्ही आल्ते ना?"

साहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बाईंना कळलं. दुर्बिणीनं पुन्हा बघितलं, स्कॅन झाले. या वेळी कोंब नव्हता. गाठ होती, आणि तिनं यकृत गाठलं होतं. मी बाईंना बाहेर गाठून विचारलंच. त्या म्हणाल्या, "ठामपणे नाही सांगता येत. पण तीन वर्षांनी आले असते तर बहुधा हा तेव्हा लहानसा कोंबच असता. काढून टाकला असता."

हसनाबादच्या त्या बाईचं वाक्य मी किती वर्षांनी ऐकत होतो. आणि दोन्ही वेळा समोर मीच उभा होतो.

मला त्यांचा राग आला. एवढा राग मला बापाचाही कधी आला नाही. महिनाभर मी त्यांच्या घरी गेलो, औषधं पोचवली, पण धड बोललो नाही. एका दुपारी काकू बाहेर गेल्या होत्या. साहेबांनी उशीखालची वही काढून माझ्याकडे दिली. ते पान उघडंच होतं. स्वतःचा प्लॉट, फेरी एक, तीन कोंब. फेरी दोन, आणि पुढं कोरं.

"तोंडानं बोललो," ते म्हणाले. "लिव्हाया हात उठला न्हाई."

"पण का बोललात साहेब?"

"तारीख क्रॉसिंगात आल्ती, ते खरं. दिवाळीनंतर जायाचंच व्हतं. मंग वाटलं, उशीर झाला, आता बाई काय म्हनंल. मंग भेव वाटाया लागलं. एवढ्यात काही उगवलं असंल तं? तू विचारलं तवा तोंडातून झाली निघून गेलं. आन एकदा झाली म्हनल्यावर..." त्यांनी हात हलवला. "तुला सांगितल्तं ना मी. मंग कुनीच जाऊन बघत न्हाई."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्यांचा हात धरला आणि मीही रडलो. माझा राग तिथं संपला. पेरणीची वेळ हुकवलेल्या शेतकऱ्याला मी कधी रागावलो नव्हतो. भ्यालेल्या माणसावर किती दिवस रागवायचं?

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं होतं. रक्ताच्या नात्यातल्यांनी, विशेषतः मुलांनी, वयाची वाट न बघता तपासून घ्यायचं. साहेबांना एकच मुलगा. नवीन जालन्यात त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. तो म्हणायचा, मला काय झालंय? साहेबांनी त्याला खाटेजवळ बोलावलं. "बी माझंच हाय बाबा. तुझा प्लॉट बघाच लागंल." बापाच्या त्या आवाजापुढं त्याचं काही चाललं नाही. मी त्याच्याबरोबर गेलो. एक कोंब निघाला, काढला, आणि तीन वर्षांनी परत या म्हणून सांगितलं.

तो रिपोर्ट घेऊन आम्ही घरी आलो. साहेबांनी चष्मा लावून फोटो बघितला. मग म्हणाले, "मला उभं कर." काकू नको नको म्हणत होत्या. मी एका बाजूनं धरलं, मुलानं दुसऱ्या बाजूनं. अंगात काही राहिलेलं नव्हतं, पण ते उभे राहिले. वही माझ्या पाठीवर टेकवून त्यांनी लिहिलं: पोरगा. फेरी एक. एक कोंब, मुळासकट काढला. फेरी दोन, आणि पुढं जागा. पेनाचं टोक माझ्या पाठीला टोचत होतं आणि मी हललो नाही. खाली बसल्यावर त्यांनी वहीला रबर लावलं आणि ती माझ्या खिशात घातली.

"पुढलं तू लिव्ह. बघितल्याबिगर लिव्हू नको."

पोळ्याच्या आधी चार दिवस ते गेले. प्लॉट फुलावर होते. आम्ही सगळे घाईघाईत नाही गेलो. त्या दिवशी आमच्याकडच्या एकाही प्लॉटावर फेरी झाली नाही, आणि सगळ्यांनी तसंच लिहिलं.

मागच्या महिन्यात मुलाची तीन वर्षं भरली. मी फोन केला.

"झाली काका," तो म्हणाला. "मागच्याच आठवड्यात. एकदम क्लीन."

मी बरं म्हणून फोन ठेवणारच होतो. मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालंसुद्धा होतं. मग हात वरच्या खिशाकडे गेला.

"रिपोर्ट पाठव ना व्हॉट्सॲपवर."

"तो... तिथंच ऱ्हायला काका. आणतो नंतर."

मी दुकानात जाऊन पोचलो. त्यानं खुर्ची दिली, समोरच्या हॉटेलात चहा सांगायला लागला. मी उभाच राहिलो. "चहा नको. गेल्ता का?"

चाळिशीचा बाप्या काउंटरवरचे नटबोल्ट इकडचे तिकडे करत राहिला. "न्हाई गेलो. भेव वाटतं काका. बाबांचं सगळं बघितलंय मी. पुन्हा काही निघालं तं?"

"निघालं तर काढतील. एवढ्याचसाठी तर जायचं."

"आन काढण्यापलीकडं गेलं असलं तं?"

मी वही काढून त्याच्यापुढं उघडली. वडिलांच्या प्लॉटाखालची फेरी दोन त्यानं बघितली. कोऱ्या जागेवर त्यानं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग शटर ओढायला उठला.

चार दिवसांनंतरची वेळ मिळाली. आदल्या संध्याकाळी मी त्याच्या घरी जाऊन समोर बसलो आणि पावडरचं पाणी शेवटच्या घोटापर्यंत पिताना बघितलं. मधे तो एकदा म्हणाला, "काका, तुमी बाबापेक्षा बेक्कार हाव." मी तांब्या पुन्हा भरून दिला.

तपासणी चालू होती तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. वही मांडीवर, पेनाचं टोपण उघडलेलं. पाऊण तासानं डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या आणि त्यांनी फोटो माझ्या हातात दिला. नवा एक कोंब होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याच्या शेजारच्या फोटोत ती जागा स्वच्छ होती. "काढलाय," त्या म्हणाल्या. "तपासायला पाठवते, पण काळजीसारखं दिसत नाही. वेळेत आलात."

मी दोन्ही फोटो नीट बघितले. मग बाकावरून उठून उभा राहिलो आणि पोराच्या फेरी दोनपुढच्या जागेत लिहिलं: एक कोंब, मुळासकट काढला. खाली फेरी तीन लिहून जागा सोडली. वर साहेबांची ओळ आहे तशी कोरी आहे; तिच्यात मी काही भरलेलं नाही.

तो गुंगीतून बाहेर आला, कपडे करून आला. मग आम्ही दोघं खाली गेलो आणि चहा घेतला.